जाळ्यात ठेवलेलं भजन

वारलूबुवा गेले तेव्हा डोमा पाण्यात होता. त्याची लहान होडी, म्हणजे डोंगा, काठापासून थोडा आत उभा, चौथं जाळं अर्धं वर आलेलं, त्यात दोनचार बारीक मासळी फडफडत होती आणि डोमा आपल्याच नादात गात होता. तेवढ्यात पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, कुंताची हाक आली. कुंता त्याची बायको. तिच्या हाकेनं तळ्याच्या पार त्या टोकाचे बगळे उडायचे.

“अवो, बाहेर निघा! वारलूबुवा गेले!”

डोमाच्या हातून जाळं सुटलं. बाप लवकर गेलेल्या डोमाला वारलूबुवांनी पोरासारखं धरलं होतं, खंजिरी हातात दिली होती, गळ्याला वळण लावलं होतं. तेव्हा खरं तर आधी रडू यायला हवं होतं. पण आली ती भीती. आज गावं लागणार होतं.

त्याचं असं आहे की, मोहाडीत एक रीत आहे. चिमूरकडची ही गावं भजनाची. घराघरांत खुंटीला खंजिरी टांगलेली असते. माणूस थकला, की आपल्या मयतीला भजन कोणतं आणि कोणाच्या गळ्यातलं, हे तो आधीच सांगून ठेवतो. मग दारापासून स्मशानघाटापर्यंत तेच भजन, त्याच गळ्यात, न तुटता चाललं पाहिजे. ते तुटलं तर तिरडी तिथंच भुईला टेकवायची, आणि भजनी मंडळानं दारापर्यंत माघारी जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. तोवर मयत रस्त्यात. विसाव्याच्या चिंचेखाली तेवढी तिरडी टेकवायची मुभा आहे, बाकी कुठंही नाही. अमक्याची मयत वाटेत अडली होती, हे मग गाव नातवंडांपर्यंत विसरत नाही.

आणि वारलूबुवांनी सांगून ठेवलं होतं, ‘डोंग्याचं भजन. डोमाच्या गळ्यातलं.’

तेव्हा सगळ्या गावानं कपाळाला हात लावला होता. डोमाचा गळा गोड, त्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. पण त्याच्या डोक्यात काही राहील तर शपथ! चिमूरच्या बाजारात मिरच्या आणायला गेलेला माणूस झाडू घेऊन परत आला होता. एकदा कुंताला बसस्टँडवर बसवून ‘पान खाऊन येतो’ म्हणून हा उठला आणि समोर लागलेल्या गाडीत बसून थेट घरी आला. वर जेवायला बसल्यावर लेकीला विचारतो, “साधना, तुही माय कुठी गेली वो?” ही गोष्ट लग्नाकार्यात अजून सांगितली जाते आणि सगळ्यांच्या आधी डोमाच हसतो. पण गाणं विसरलं की त्याला हसू यायचं नाही. दोन कडवी पाठ करावीत, तिसरं चढेपर्यंत पहिलं पळालेलं. कागदावर उतरवून पाहिलं, तर अक्षरं लावता लावता आवाज असा खाली बसायचा, की डोमा गातोय का हिशेब सांगतोय ते कळेना. म्हणून तो मंडळात पहिलं एखाददुसरं कडवं म्हणायचा आणि पुढचं धनराज ओढून न्यायचा. धनराज हा मंडळाचा म्होरक्या. पेटी वाजवायचा, आणि त्याला शेकड्यानं भजनं तोंडपाठ.

तीन वर्षांमागं मात्र घात झाला. इसरूची माय वारली. तिनं डोमाचा गळा सांगून ठेवला होता. भर मे महिना, डांबरी सडक तापलेली. कोंडवाड्याशी आल्यावर डोमाच्या डोक्यात अंधार पडला. त्यानं धृपद घोळवलं, पुन्हा घोळवलं, आणि मग खंजिरीवरचा हातच थांबला. म्हातारीची तिरडी सडकेवर टेकवावी लागली. मंडळ माघारी जाऊन परत येईपर्यंत इसरू आपल्या मायच्या तोंडावर उपरणं धरून उन्हात उभा राहिला. त्या दिवसापासून तो डोमाशी बोलला नाही. एका गल्लीत घरं, एका तळ्यावर दोघांचे डोंगे. समोरून डोमा आला की इसरू मान वळवायचा. आणि डोमाच्या हातातली खंजिरी मंडळानं काढून घेतली, टाळ दिले.

असं असताना वारलूबुवांनी त्याचंच नाव घ्यावं! आणि भजन तरी कोणतं? जे फक्त त्यांना एकट्याला येत होतं. नऊ कडव्यांचं, माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतचं, त्यांच्या आज्यानं रचलेलं. मंडळाला त्याचं धृपद तेवढं ठाऊक होतं.

“बुवा, मले काऊन फासावर चढवून राह्यले?” डोमा त्यांच्या खाटेशी बसून रडकुंडीला आला होता. “मायाच्यानं नाई होत. धनराजले सांगा.”

दम्यानं बुवांची छाती भात्यासारखी चालत होती. ते थांबून थांबून बोलले, “लेका, तुही जाळी कुठी हाएत थे मले सांग.”

“तळ्यात.”

“तळ्यात कुठी? खुणेचा डब्बा तं तू बांधत नाई.”

ते खरं होतं. चोरांच्या भीतीनं डोमा जाळ्याला वर तरंगती खूण बांधतच नसे. पाण्याखाली खुंट, खुंटाला जाळं, वरून नुसतं सपाट पाणी. पण सकाळी डोंगा बरोबर खुंटावर जाऊन उभा राहायचा. त्यात डोमा आजवर चुकला नव्हता. पूर आला, धुकं पडलं, तरी नाही.

“जाळं टाकलेली जागा इसरत नाईस ना?” बुवा म्हणाले. “मंग कडवं जाळ्यासारखं टाक. एका जागी एक.”

दुसऱ्या दिवसापासून बुवा पहाटे डोंग्यात येऊन बसू लागले. अंगावर घोंगडी, हातात काठी. जाळी उचलायची डोमाची पद्धत ठरलेली होती. रात्रभराच्या वाऱ्यानं मासळी पैल टोकाला जायची, म्हणून आधी डोंगा तिकडे स्मशानघाटापाशी न्यायचा आणि तिथून एकेक जाळं उचलत गावघाटाला परत यायचं. पहिल्या जाळ्याशी बुवांनी पहिलं कडवं सांगितलं. डोमानं ते जाळं ओढता ओढता म्हटलं, म्हटलं, म्हटलं. ते मुरेपर्यंत दुसरं नाही. मग बेशरमाच्या झुडपांमागच्या डोहात दुसरं, उभ्या खडकाशी तिसरं, तुडुमाशी, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या दाराशी, चौथं. पाचवं विसाव्याच्या चिंचेसमोर. असं करत शिंगाड्याच्या वेलांवरून, म्हशींच्या डुंबणीवरून, बुडालेल्या बाभळीवरून नववं कडवं गावघाटाच्या पायऱ्यांशी येऊन पडलं. दिवाळीपासून होळीपर्यंत हे चाललं. आणि काय आश्चर्य! डोमाला नऊच्या नऊ कडवी येऊ लागली. कडवं चुकलं की बुवा काठीनं डोंग्याच्या काठावर टकटक करायचे आणि म्हणायचे, “भिऊ नको लेका. पाण्याकडे पाह्य.”

बुवांचे पाय सुजले तेव्हा ते डोंग्यात यायचे थांबले. डोमा रोज एकटा गाऊ लागला. आणि आज चौथ्या जाळ्याशी कुंताची हाक आली होती.

तिसऱ्या प्रहरापर्यंत मयत निघणार नव्हती. बुवांची लेक भामरागडला दिलेली. ती येईपर्यंत थांबणं भागच होतं. तेवढा सगळा वेळ डोमा बुवांच्या अंगणाच्या कोपऱ्यात, बांबूच्या ताट्याला पाठ लावून बसून होता. डोळे मिटायचा आणि मनातल्या मनात डोंगा पैल टोकाला न्यायचा. पहिलं जाळं, दुसरं, तिसरं… नववं. सगळी येत होती. कुंतानं चहा आणून दिला तो हातातच थंड झाला.

“खाऊन घ्या काई तरी,” ती हळूच म्हणाली. “उपाशी पोटी गळा लागणार नाई.”

“बोलू नको मायासंग. सांडन सारं.”

धनराज आला, शेजारी टेकला. माणूस वाईट नव्हता, पण सगळं आपल्याला येतं हे तो कधी विसरायचा नाही आणि समोरच्यालाही विसरू द्यायचा नाही. “डोमा, अजून येळ गेला नाई. मी दुसरं भजन धरतो. बुवाचं नाव आहे, मंडळाचं नाव आहे. अन् डोंग्याच्या भजनात तू अटकला, तं मी तुले काय सांगू? मले तरी कुठी येते थे?”

डोमानं डोळे न उघडता नुसती नकाराची मान हलवली. बोलला असता तर कडवी सांडली असती.

मग त्याच्या कानावर इसरूचा आवाज पडला. इसरू तिरडीचे बांबू बांधत होता. बुवांचा मुलगा श्रावण जवळ उभा होता. इसरूनं आवाज खाली केला नाही.

“माह्या मायले सडकेवर झोपवलं होतं यानं, श्रावण. तुह्या बापाचं तू पाह्य.”

श्रावणनं मान वर करून डोमाकडे पाहिलं. मोठा माणूस तो, पन्नाशीला आलेला, सकाळपासून त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. नुसता कामं करत होता. तो जवळ येऊन उकिडवा बसला. “डोमाभाऊ, बाबानं तुमचं नाव घेतलं, तं तुम्हीच. पर खरं सांगा. येते ना सारं?”

“येते,” डोमा म्हणाला.

लेक आली, रडारड झाली आणि ऊन कलताना मयत निघाली. पुढं मंडळ, त्यामागं मडकं घेतलेला श्रावण, मग तिरडी, आणि तिच्या पुढच्या बांबूला डाव्या खांद्यावर इसरू. तीन वर्षांनी डोमाच्या हातात खंजिरी आली होती. त्यानं धृपद उचललं.

“सोड गा दादा, डोंगा सोड,
आज तळ्याचं पाणी गोड.”

मंडळानं ते झेललं. आवाज असा लागला, की दारादारांत उभ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. गल्लीत नुसतं धृपद चालतं. डोंग्याच्या भजनाची कडवी धरायची ती तळ्याच्या पाळीला लागल्यावर. मारुतीचं देऊळ मागं पडलं, चढ आला, पाय पाळीवर पडले. उजव्या हाताला गावघाट, त्याच्या पायऱ्या, आणि पलीकडे दूरवर सगळं तळं. डोमानं पाण्याकडे पाहिलं, पहिलं कडवं म्हणायला तोंड उघडलं, आणि ओठावर आलं ते नववं.

त्यानं तोंड मिटलं. पुन्हा धृपद म्हटलं.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. पहिलं कडवं इथं नव्हतंच. ते पार तिकडं होतं, पाळीच्या दुसऱ्या टोकाला, स्मशानघाटाखालच्या पाण्यात. रोज तो तिकडून इकडे आला होता. मयत इकडून तिकडे चालली होती. इतके महिने घोकलं, सकाळपासून अंगणात बसून मनातल्या मनात डोंगा फिरवला, पण गावातली प्रत्येक मयत कोणत्या दिशेनं जाते हे काही त्या डोक्यात आलं नाही. स्वतःच्या बापाला याच वाटेनं पोचवलेलं!

धृपद पुन्हा झालं. मंडळानं झेललं. डोमानं डोळे घट्ट मिटले, मनातला डोंगा पैल टोकाला न्यायला पाहिलं. तर पायाखाली दगड आला आणि तो पडता पडता वाचला. डोळे उघडले की समोर पुन्हा गावघाटाच्या पायऱ्या. धृपद तिसऱ्यांदा. आता माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मागं बांबू करकरला. इसरूनं खांदा बदलल्यासारखा केला. धनराज चालता चालता त्याच्या कानाशी आला.

“अटकला ना? सांगतलं होतं का नाई? सोड, मी धरतो दुसरं.”

दुसरं भजन धरणं म्हणजे हे तुटणं. म्हणजे वारलूबुवा इथं, म्हशींच्या शेणात, भुईला टेकणार. डोमाला कोंडवाड्याजवळची तापलेली सडक दिसली. म्हातारीच्या तोंडावर धरलेलं उपरणं दिसलं. त्यानं धनराजला कोपरानं बाजूला सारलं, पायऱ्यांकडे पाहिलं आणि जे ओठावर होतं ते सोडलं.

“कोणाचा डोंगा, कोणाची काठी,
सारंच राह्यलं काठाच्या पाठी.”

मंडळानं धृपद म्हटलं. तिरडी चालत राहिली. कोणाला काही कळलं नाही, कारण कळणार तरी कसं? भजन येणारा माणूस तर खांद्यावर होता. डोमानं श्वास घेतला आणि नजर पाण्यावर पुढं सरकवली. बुडालेली बाभूळ आली, तिच्यापाशी आठवं.

“हातची काठी हातात कापे,
म्हातारा पाणी पायानं मापे.”

म्हशींची डुंबण आली, सातवं आलं. शिंगाड्याचे वेल आले, तशी लेक नांदायला जाते ते सहावं आलं. “लेक गेली पैल गावा, डोंगा रिता, कसा न्यावा.” मागून भामरागडची लेक हंबरडा फोडून रडली. डोमाला ते ऐकू येत होतं, पण तिकडे लक्ष देण्याची सोय नव्हती. एक कडवं संपलं की पुढच्या जागेपर्यंतचं अंतर नुसत्या धृपदावर काढायचं. तेवढ्यात नजर ढळली तर संपलं. त्याची मान पाण्याकडे वळली होती ती तशीच राहिली. मान अवघडून दुखायला लागली तरी त्यानं ती हलवली नाही.

विसाव्याची चिंच आली. तिरडी टेकली. मंडळ धृपद म्हणत उभं राहिलं. इथून बाया परत फिरतात. बुवांची म्हातारी, पार्वताकाकू, कुंताच्या हाताला धरून पुढं आली आणि डोमाच्या अगदी जवळ उभी राहिली. पन्नास वर्षं तिनं हे भजन घरात ऐकलेलं. गावात हे भजन ओळखणारं असं एक माणूस होतं, आणि ते डोमाच्या ध्यानातच नव्हतं.

“उलटं गाऊन राह्यलास गा तू,” ती म्हणाली.

डोमाला वाटलं, आता ही ओरडणार.

“काकू, मले—”

“थांबू नको,” म्हातारी म्हणाली. “म्हण.”

समोर पाणी होतं. पाचवं कडवं तिथंच होतं.

“हळद लागली, बाशिंग सजलं,
एकट्याच्या डोंग्यात कोण येऊन बसलं.”

पार्वताकाकूनं वाकून नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. मग ती वळली आणि कुंताच्या आधारानं गावाकडे चालू लागली. तिनं मागं पाहिलं नाही. तिरडी उचलली गेली, आणि डोमाला एकदम जाणवलं, की आता यापुढच्या कडव्यांत काकू नाही. यापुढं बुवांचं लग्नच झालेलं नाही.

तुडुमाशी चौथं. “मिशी फुटली, छाती फुगली, भर वाऱ्यात डोंगी हाकली.” उभ्या खडकाशी तिसरं.

“गळाले लागली पयली मरळ,
बाप म्हणे, आता चाल सरळ.”

आता खांदेकऱ्यांच्याही लक्षात येऊ लागलं होतं. कोणी तरी मागं पुटपुटलं, “अरे, बुवा लहान होऊन राह्यले.” धनराजनं टाळ हळू केले. त्याच्या तोंडावरचा तो सगळं ठाऊक असल्याचा भाव कुठं गेला होता कोण जाणे. सगळे आता डोमाच्या तोंडाकडे पाहत होते. आणि नेमकं तिथंच पाणी दिसेनासं झालं.

बेशरम! पाळीच्या त्या भागात बेशरमाची झुडपं पुरुषभर उंच माजली होती. डोंग्यातून येताना ती मागं असायची. पाळीवरून पाहताना ती आडवी आली. दुसरं जाळं त्यांच्या पलीकडच्या डोहात. डोमाला नुसता हिरवा पाला दिसत होता, जांभळी फुलं दिसत होती, आणि डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. धृपद झालं. पुन्हा झालं. झुडपांत कुठं फट दिसते का म्हणून तो टाचा उंच करून पाहू लागला. धृपद तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्याचा आवाज फाटला.

“टेकवा लागते का?” मागचा एक खांदेकरी म्हणाला.

कोंडवाड्याशी हेच शब्द कोणी तरी म्हटले होते. डोमाच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं इथवर आणून, घाट दिसत असताना! त्यानं खंजिरी डोक्यावर धरली, पाळ सोडली आणि उतारावरून थेट झुडपांत घुसला. तोंडानं धृपद चालूच होतं. फांद्यांनी गाल ओरबाडले, पाय चिखलात गेला. मागं वळून पाहायची हिंमत नव्हती. तिरडी टेकण्याचा आवाज येईल म्हणून कान तेवढे मागं लागले होते.

आला तो इसरूचा आवाज. तीन वर्षांत त्याच्याविषयी इसरू पहिल्यांदा असं काही बोलला असेल.

“टेकवू नका. हळू घ्या. थो येते.”

खांदेकऱ्यांनी पाय आखडते घेतले. एक पाऊल, मग थांबल्यासारखं, मग दुसरं. मंडळानं धृपद लांबवलं, धनराजनं आपण होऊन वरचा सूर धरला, तो सोडला नाही. आणि डोमा गुडघाभर पाण्यात पोचला. समोर डोह, सपाट, गार, सकाळी त्यानंच जाळं उचललेला. कडवं तिथं होतं.

“उभा राह्यला, पडला, उठला,
मायचा पदर हातून सुटला.”

ते त्यानं पाण्यातूनच म्हटलं, इतक्या मोठ्यानं की पाळीवर सगळ्यांना ऐकू गेलं. मग तो चढ चढून वर आला, ओल्या पायांनी, गालावर रक्ताचे ओरखडे घेऊन, आणि आपल्या जागी चालू लागला. इसरूनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पण मानही वळवली नाही.

स्मशानघाट आला. लाकडं रचून तयार होती. घाटाच्या उताराखाली पाणी अगदी काठाला लागून होतं. पहिलं जाळं डोमा रोज तिथंच उचलायचा. आता कसली घाई नव्हती. तरी त्यानं धृपद आणखी एकदा घोळवलं, कारण हे कडवं म्हटलं की भजन संपणार होतं, आणि बुवांचं काहीच मग त्याच्या खांद्यावर उरणार नव्हतं.

इसरूनं आणि बाकीच्यांनी तिरडी खांद्यावरून उतरवली. हातांवर ती थोडी हेलकावली. डोमा जवळ गेला. बुवांचं तोंड सुकून एवढंसं झालं होतं. खंजिरी न वाजवता, मंडळासाठी नव्हे, त्यांच्यापुरतंच त्यानं म्हटलं.

“पाळण्यात टाकला, लागला झोका,
डोंगा हालते, नको भिऊ लेका.”

मंडळाला धृपद म्हणायचं सुचलं नाही. श्रावणनं मडकं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तो सकाळपासून पहिल्यांदा रडला. इसरूनं तिरडी सावकाश लाकडांवर ठेवली, आणि एका हातानं तिची एक बाजू धरून तो तसाच उभा राहिला.

डोमा मात्र तिथून हलेना. उभं आयुष्य बुवांनी त्याला लेका म्हटलं होतं. आज त्यानं बुवांना म्हटलं, आणि तेवढं तरी तो विसरणार नव्हता.